मदत हवी आहे: जंगलातला वसंत नक्की कधी सुरू झाला असं धरायचं?

नमस्कार मंडळी, थंड प्रदेशातल्या पानझडी जंगलांवर प्रोजेक्ट करतोय, हवामान बदलामुळे पालवी आधी फुटायला लागलीये हे सगळीकडे वाचायला मिळतं पण तारीख ठरवायची कशी इथेच गाडी अडलीये. सॅटेलाइटला जंगल हिरवं दिसायला लागतं तेव्हा बऱ्याचदा खालची झुडपंच हिरवी झालेली असतात, वर ओकच्या कळ्या अजून घट्ट मिटलेल्या, खवल्यांमधून जेमतेम हिरवं टोक डोकावतंय. मग कुठली तारीख धरू?

दुसरं म्हणजे ऊब वाढली की पालवी लवकर इतकं सोपं गणित नाहीये, कळ्यांना हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळावी लागते, नाही मिळाली तर फुटायला उलट जास्त ऊब लागते, आणि बीच तर दिवसाच्या लांबीकडेही बघतं (हट्टी झाड आहे एकदम). हे तिन्ही एका मॉडेलमध्ये कसं बसवता?

मला ओक, त्यावरच्या अळ्या आणि त्या अळ्या पिल्लांना भरवणारे पक्षी यांचं वेळापत्रक कसं चुकतं ते दाखवायचंय, म्हणजे आठवडाभराची चूकसुद्धा महागात पडणार. जमिनीवरच्या नोंदी आणि सॅटेलाइट दोन्ही एकत्र वापरलंय का कोणी? पायथॉन येतं, बाकी काही शिकावं लागलं तरी चालेल.