बोअरचं पाणी उकळलं तरी साबणाचे थेंब कमी का होत नाहीत? (आठवीचा प्रयोग)

हापसा_जिंतूर

नमस्कार. आठवीच्या लेकरांकडून दुष्फेन (क्षारामुळे साबणाला सहज फेस न येणाऱ्या) पाण्याचा प्रयोग करून घेतेय. अंगाचा साबण किसून 1 ग्रॅम, 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवला. झाकणाच्या छोट्या बाटलीत 10 मिली पाणी घ्यायचं, ड्रॉपरने दोन-दोन थेंब टाकून हलवायचं, फेस टिकला की थेंब लिहायचे.

डिस्टिल्ड: 4 थेंब
शाळेचा बोअर: 58
तेच पाणी अर्धा लिटर घेऊन 20 मिनिटं उकळलेलं: 52
बोअरच्या पाण्यात तुरटी: 70 च्या वर

भगुन्याच्या तळाला पांढरा थर चांगला दिसतोय, म्हणजे काहीतरी खाली बसलंय. मग 58 चे 52 च का? शाळेत टीडीएस मीटर आहे, थेंब मोजण्याऐवजी तो वापरला तर चालेल का?

प्रयोगवही

ताई, उकळल्यावर पाणी किती उरलं होतं?

हापसा_जिंतूर

300 मिलीच्या आसपास. उघडं भगुनं होतं.

प्रयोगवही

मग उत्तर तिथेच आहे, आणि तुमचा प्रयोग फसलेला नाही. 500 चं 300 झालं म्हणजे जे क्षार विरघळलेलेच राहिले ते आटून दाट झाले. हिशोब असा करा. आधी डिस्टिल्डचे 4 थेंब दोन्हीकडून वजा करा, कारण तेवढा साबण नुसता फेस यायलाच लागतो. कच्चं पाणी 54, उकळलेलं 48. आता 48 ला 300/500 ने गुणा: साधारण 29. म्हणजे 54 पैकी 25 गेले, जवळजवळ निम्मा दुष्फेनपणा उकळून गेला. उरलेला कायमचा, सल्फेट आणि क्लोराइडचा. शिवाय थोडं मॅग्नेशियम, कारण मॅग्नेशियम कार्बोनेट कॅल्शियमच्या मानाने जास्त विरघळतं आणि उकळून पुरतं बसत नाही.

पुढच्या वेळी गणित टाळायचं असेल तर झाकण ठेवून 10–15 मिनिटं उकळा, गार करा, डिस्टिल्ड पाणी घालून परत 500 मिली करा आणि हलवून निवळू द्या. मग वरचं पाणी गाळण कागदातून घ्या. गार करणं सोडू नका, गरम आणि गार पाण्यात फेस सारखा येत नाही. भर घालायला इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणीच घ्या. त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तसल्याच कॅनमध्ये असतं, तेव्हा लेबल मोठ्या माणसाने वाचून आणावं.

तुरटीने गाळ बसतो, कॅल्शियम-मॅग्नेशियम जात नाही. उलट तुरटीने पाणी आम्लाकडे झुकतं, आणि ते आम्ल व ॲल्युमिनियम दोन्ही साबण खातात. म्हणून 70. हा आकडा वहीत जरूर ठेवा, "तुरटीने पाणी हलकं होतं" हा समज त्याने मोडतो.

साबण_आणि_साय

थेंबांवर फार विसंबू नका. ड्रॉपर तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो, आणि दहा पोरांचे दहा आकडे येतात. मेडिकलमधून 5 मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून. 0.2 मिलीच्या खुणा असतात, त्या पुरतात.

साबणाच्या वेष्टणावर "टॉयलेट सोप, ग्रेड 1, टीएफएम 76%" असं काही आहे का पाहा (टीएफएम म्हणजे साबणातला एकूण मेदाचा भाग). "बेदिंग बार" लिहिलेल्या वडीत कधीकधी डिटर्जंट मिसळलेलं असतं, आणि डिटर्जंटला क्षाराच्या पाण्यातही फेस येतो. कपड्याची पावडर किंवा शाम्पू घेतला तर सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतील.

फेस "टिकला" कधी म्हणायचं, हे आधी ठरवा. बाटली जोरात हलवून आडवी ठेवायची. फेसाची अखंड साय 5 मिनिटं राहिली तरच थांबायचं. मॅग्नेशियम साबणाशी हळू बसतं, त्यामुळे मध्येच खोटा फेस येतो आणि दोन मिनिटांत मरतो. तिथेच आकडा लिहिला तर मॅग्नेशियम मोजलंच जात नाही. ही पद्धत मूळची स्कॉटलंडच्या थॉमस क्लार्कची, 1840 च्या दशकातली, आणि तिच्यातली मुख्य अडचण आजही हीच.

थेंबांवरून आकड्यावर यायचं असेल तर माहीत असलेलं पाणी बनवा. कृषी सेवा केंद्रात खत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट मिळतं. त्याचे कोरडे खडे 2.46 ग्रॅम (वजन सराफाच्या काट्यावर करून घ्या) 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात घाला, की दुष्फेनपणा 1000 मिग्रॅ प्रति लिटर (तो कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मोजतात). त्यातलं 10, 20, 40 मिली घेऊन प्रत्येकी 100 मिली करा: 100, 200, 400. प्रत्येकाला लागलेला साबण आलेख कागदावर मांडा, रेष बऱ्यापैकी सरळ येते. मग बोअरचा आकडा त्या रेषेवरून वाचा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात 200 ही इष्ट मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत.

काळा_दगड

टीडीएस मीटरचं: तो दुष्फेनपणा मोजत नाही, पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो. पोरांना करूनच दाखवा. 1 लिटर डिस्टिल्ड पाण्यात अर्धा ग्रॅम मीठ घाला, मीटर 500 च्या आसपास जाईल, पण साबणाला फेस लगेच येईल. उलट बोअरच्या 100 मिली पाण्यात धुण्याच्या सोड्याचं 5 टक्के द्रावण 2 मिली टाका, हलवून तासभर ठेवा, गाळा. साबण कमी लागेल, तरी मीटरचा आकडा फारसा खाली येणार नाही, कारण कॅल्शियमच्या जागी सोडियम आलंय. खाण्याचा सोडा इथे चालत नाही, धुण्याचाच हवा.

आणि हे क्षार येतात कुठून, तेही त्याच आठवड्यात दाखवता येईल. आपल्याकडे खाली काळा बेसॉल्ट आणि वर काळी माती. नांगरलेल्या रानात पांढरट चुनखडीचे खडे हाताला लागतात. खड्यावर लिंबू पिळा, फसफसतं. मग मूठभर खडे कुटा, माती जाईपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने धुवा आणि दोन चमचे पिण्याच्या साध्या सोड्याच्या (गॅसच्या पाण्याच्या) बाटलीत टाका. लेबलवर सोडियम बायकार्बोनेट नसलेला सोडा बघून घ्या. टाकताना उसळतो, पटकन झाकण लावा आणि रात्रभर थंड जागी ठेवा. सकाळी बाटली सावकाश उघडून वरचं पाणी गाळून घ्या, ते नितळ दिसेल. उकळलं की हळूहळू दुधाळ होतं. मुरणारं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडकातून हेच करत बोअरपर्यंत येतं.

हापसा_जिंतूर

सगळ्यांचे आभार. झाकण ठेवून, परत 500 मिली करून उद्या करते. लेकरं घरचा हापसा, आड, टँकर असे नमुने आणणार आहेत. काही काळजी?

साबण_आणि_साय

बाटल्या साबणाने धुवून आणू देऊ नका, आत राहिलेला साबण आकडा कमी दाखवेल. त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरायच्या, चिठ्ठीवर गाव, स्रोत, तारीख आणि बोअर असेल तर खोली. टँकरच्या बाटलीवर टँकर कुठे भरला तेही विचारून लिहा, नाहीतर त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. नमुना त्याच दिवशी तपासा. उघडा राहिला तर कार्बन डायऑक्साइड उडून थोडा चुना बाटलीतच बसतो.