गॅलरी, पॅसेज, आर्केड: तिन्ही घरात घेतले, आता बाहेर काय म्हणायचं?

इटलीतल्या मिलानच्या गालेरिया व्हित्तोरियो एमान्युएलेत उभं राहून आईला फोन लावला. म्हटलं, "गॅलरीत आहे गं, फार सुंदर आहे." पलीकडून लगेच, "वाकू नकोस फार. कितवा मजला?"

तेव्हा हसले, पण घरी येऊन प्रवासाचं टिपण लिहायला बसले आणि पहिल्याच वाक्यात अडकले. त्या जागेला मराठीत म्हणायचं काय?

जागा अशी आहे. दुओमो म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चसमोरच्या चौकातून एका थोरल्या कमानीखालून आत शिरायचं, सरळ चालत गेलं की स्काला नाट्यगृहासमोर बाहेर. मध्ये दुसरी वाट आडवी येते. दोन्ही मिळतात तिथे अष्टकोनी चौक, त्यावर काचेचा घुमट, उंची सुमारे ४७ मीटर. दोन्ही अंगांना मोठमोठ्या इमारती, खाली दुकानं नि कॉफीपानगृहं, आणि माथ्यावर लोखंडाच्या सांगाड्यावर बसवलेलं काचेचं छत. दार कुठेच नाही. १८६५ साली पायाभरणी, १८६७ साली उद्घाटन. म्हणजे धड इमारत नाही, धड रस्ता नाही. रस्त्यालाच छप्पर घातलंय.

आता आपल्याकडे बघा. गॅलरी म्हणजे जिथे कपडे वाळत घालतात, तुळस ठेवतात आणि खालच्या भाजीवाल्याला हाक मारतात ती. पॅरिसमध्ये अशाच छतवाल्या गल्ल्यांना 'पासाज' म्हणतात, तर आपला पॅसेज म्हणजे फ्लॅटमधली वॉशिंग मशिन अडवून उभी असलेली अडीच फूट जागा. राहिलं आर्केड. ते कुठल्याही उपनगरात चार दुकानं आणि वर डॉक्टरचा दवाखाना असलेल्या बिल्डिंगच्या पाटीवर असतं. तिन्ही शब्द आपण आणले, घरात वाटून टाकले, आणि मूळ वस्तूसाठी एकही उरला नाही.

सुचवा काही.

प्रतिसाद

'आच्छादित बाजारपेठ'. शासकीय कोशात शोभेल.

प्रतिसाद

शोभेल, पण डोळ्यांसमोर ताडपत्री येते.

प्रतिसाद

आर्केडची फोड करून बघितली तर गंमत आहे. लॅटिनमध्ये 'आर्कुस' म्हणजे धनुष्य. धनुष्यासारखा बाक म्हणून तोच शब्द बांधकामातल्या कमानीला, आणि कमानींची रांग ती आर्केड. इटालियनमध्ये इंद्रधनुष्याला 'आर्कोबालेनो' म्हणतात, त्यातही तोच आर्को. आता आपली 'कमान'. फारसीत कमान म्हणजे धनुष्यच. 'तीरकमान' अजून आपण म्हणतोच की. रोमन गवंडी आणि इराणी गवंडी, दोघांनाही दगडाचा बाक बघून एकच गोष्ट आठवली. तेव्हा आर्केडला शब्दशः प्रतिशब्द हवा असेल तर तो 'कमानी' असाच, अनेकवचनात. मुंबईत फोर्टमध्ये जुन्या इमारतींच्या पोटातून फुटपाथ जातो, पावसात सगळे तिथूनच चालतात, तिथे "कमानीखालून ये" असं आम्ही सर्रास म्हणायचो.

पण त्याने तुमचं काम भागणार नाही. फोर्टात एक बाजू रस्त्याला उघडी आहे. तुमच्याकडे दोन्हीकडे दुकानं आणि डोक्यावर काच.

प्रतिसाद

एक बाजू उघडी असलेल्या कमानींच्या रांगेला अस्सल शब्द आहे: ओवऱ्या. देवळाच्या कोटाला आतून लागून असतात त्या. जेजुरीला बघा. वारीला आलेला माणूस तिथे टेकतो. ऊन-पाऊस चुकवणं हे दोन्हीकडचं मूळ काम एकच. पॅरिसचे ते पासाज १८००च्या आसपास सुरू झाले, तेव्हा तिथल्या रस्त्यांना धड फुटपाथ नव्हते, चिखल आणि घोडागाड्यांची चिरडाचिरड. काचेखाली चालणं ही चैन होती.

प्रतिसाद

ओवरी शब्द सुंदर आहे, पण ओवरीत प्राडाची पर्स मिळते म्हटलं की खंडोबा हसेल.

प्रतिसाद

'दालन' का नको? आर्ट गॅलरीला कलादालन म्हणतोच. (दालन पण फारसीच, तिकडे अर्थ ओसरी, जोडमार्ग असा.)

धागाकर्ती

दालन लग्नाच्या साड्यांनी पळवलंय हो. "भव्य दालन" म्हटलं की वातानुकूलित दुकान आणि पार्किंगची सोय.

बरं, मिलानचे लोक स्वतः काय म्हणतात ते सांगायचं राहिलं. ते तिला लाडाने 'सालोत्तो दी मिलानो' म्हणतात, म्हणजे मिलानचा दिवाणखाना. म्हणजे त्यांनीही ती घरातच नेली! फरक इतकाच की त्यांनी दर्शनी खोली दिली, आपण कपडे वाळवायची.

आणखी एक शब्द तिथला. घुमटाखाली गॅसचे दिवे होते. ते पेटवायला रुळांवरून गोल पळणारं छोटंसं किल्लीचं इंजिन होतं, आणि संध्याकाळी ते बघायला गर्दी जमायची. त्याचं नाव 'रात्तीन', उंदीर. हा शब्द मला इमारतीपेक्षा जास्त आवडला.

प्रतिसाद

बैलाबद्दल लिहा ना. तिथे जाऊन बैलावर पाय ठेवला नाही असा माणूस नसेल.

धागाकर्ती

ठेवला. अष्टकोनी चौकात फरशीवर चार शहरांची चिन्हं मोझेकमध्ये आहेत: मिलानचा लाल क्रूस, फ्लोरेन्सची लिली, रोमची लांडगी आणि तोरिनोचा बैल. बैलाच्या नको त्या अवयवावर टाच रोवून गिरकी घेतली की नशीब उजळतं म्हणे. तिथे आता चित्र नाही, वाटीएवढा खळगा आहे. सारखी डागडुजी करतात, लोक पुन्हा उकरतात. माझ्यापुढे एक आजोबा होते, काठी नातवाच्या हातात दिली, टाच रोवली, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने फिरले. नशीब म्हणाल तर ही जागा ज्याने उभारली त्या जुझेप्पे मेंगोनीलाच लाभलं नाही. ३० डिसेंबर १८७७ ला दर्शनी कमानीच्या परातीवरून पडून तो गेला.

(परात शब्द बरोबर ना? आमच्याकडे गवंडी म्हणतात. का पराती?)

प्रतिसाद

परांची. परात कणकेची.

प्रतिसाद

मी 'झाकली पेठ' सुचवतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि तिथल्या पर्सही साधारण तेवढ्याच.

प्रतिसाद

विनोद सोडला तर 'पेठ' योग्य वाटतं. पेठ म्हणजे नुसता बाजार नाही, त्यात वरती माणसं राहतात, रस्ता असतो, एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडता येतं. मॉलमध्ये हे नाही. मॉलला 'काचेची पेठ' म्हणवत नाही, तुमच्या मिलानला म्हणवतं. ब्रुसेल्समधली अशीच छतवाली गल्ली, सां-ह्यूबेर, आणखी वीस वर्षं जुनी, १८४७ ची, तिथेही चालेल.

धागाकर्ती

परांची, हो. लाज वाटली.

'काचेची पेठ' टिपणात लिहून टाकलं. मग फोटो घेऊन आईकडे गेले. जन्म शुक्रवार पेठेत गेलेला. चष्मा लावून घुमट पाहिला, आठ कोन बोटाने मोजले.

"मंडईच की ही," म्हणाली. "नुसती भाजी नाही."

प्रतिसाद

पुण्याची मंडई पण अष्टकोनीच आहे, १८८६ ची. काकूंना नमस्कार सांगा.