वादळ आलं की छप्पर ज्याचं त्याचं?

मानेवाडा रिंगरोड : काल इथं एका भाऊंनी लिहिलं, "अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात छप्पर मजबूत करायला सरकार पैसे देतं, कारण तिथं समुद्र आहे. नागपूरला चक्रीवादळ येत नाही. इथं तसं करणं म्हणजे करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

चक्रीवादळ येत नाही, कबूल. पण इमारतीवर वाऱ्याचा किती जोर धरायचा ते सांगणाऱ्या भारतीय मानक 875 च्या भाग 3 मध्ये नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 158 किलोमीटर. मुंबईलाही तेवढाच, पुण्याला 39. मे-जूनचं आपलं वादळ ज्यानं पाहिलं त्याला आकडाही नको.

माझ्या गच्चीवरचं टिनाचं शेड दोन वर्षांआधी उडालं. सकाळी शेजारच्या अंगणातून पत्रा उचलला, तर हुकाच्या जागी बोटभर लांब फाटलेलं भोक. फॅब्रिकेटरनं नेमके कडेचेच हूक विरळ मारले होते आणि वारा शिरतो तो कडेखालूनच. नवीन शेडला कडेला जवळजवळ वॉशरचे स्क्रू मारून घेतले, जास्तीचे चार हजार गेले. पक्क्या घराचं किमान 15 टक्के नुकसान झालं तर सरकारी निकषानं 6,500 मिळतात. उडाल्यावर 6,500 देण्यापेक्षा आधी चार हजार द्या नं!

आणि करदात्यांचं म्हणाल, तर अलाबामातला तो पैसा विमा कंपन्यांकडून येतो. घराला 10,000 डॉलरपर्यंत. काम तपासून दाखला मिळाला की विम्याच्या हप्त्यात सूट देणं कंपनीवर कायद्यानं बंधनकारक.

एजंट 22 वर्षं : भाऊ, तिथं हप्ता कंबर मोडतो म्हणून सूट चालते. माझ्या स्वतःच्या फ्लॅटचा हप्ता दोन हजारांच्या आत आहे. दहा टक्के सूट म्हणजे दोनशे रुपये. दोनशेसाठी गच्चीवर कोण चढते? 2021 पासून भारत गृह रक्षा पॉलिसी आहे, वादळ-पूर दोन्ही त्यात. घेते कोण? आधी विमा तर काढा.

डागा लेआउट, तळमजला : तुमचं छप्पर-छप्पर चाललंय. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे आमच्या घरात वारा नाही, अंबाझरी तलावाचं पाणी शिरलं. अंधारात आईला पलंगावरून उचललं तेव्हा गादी भिजून जड झाली होती आणि फ्रिज आडवा होऊन दार अडवून बसला होता. मदत जाहीर झाली 10,000. स्क्रूनं पाणी थांबतं का?

मानेवाडा रिंगरोड : ताई, वाईट वाटलं. पण विषय वाऱ्याचा आहे.

डागा लेआउट, तळमजला : विषय तुम्ही ठरवला. वादळ म्हणजे पाऊसही येतोच नं?

जुना धरमपेठकर : नाग नदीच्या काठी घर घेताना पाहायचं होतं.

डागा लेआउट, तळमजला : काका, मंजूर नकाशा पाहून घेतलं, बँकेनं कर्ज दिलं, वर्षानुवर्षं घरपट्टी भरतोय. पात्र अरुंद होत गेलं ते आमच्यामुळे नाही. पुन्हा असं लिहू नका.

जुना धरमपेठकर : राहिलं. शब्द मागे घेतो. पण तळमजल्यावर विजेचं मीटर ठेवणं चूकच.

एजंट 22 वर्षं : त्या पुरात माझ्या एका ग्राहकाला नुकसान पाहायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेअरनं फ्रिजचं बिल मागितलं. बिल कपाटात, कपाट पाण्यात. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, वस्तूंचे फोटो काढून ठेवा.

कालची पोस्ट माझीच : 44 चा आकडा मला माहीत नव्हता, मानतो. विमा कंपन्यांच्या पैशाचंही मानतो. बाकी नाही. अनुदान जाहीर झालं की दुसऱ्या दिवशी फॅब्रिकेटर भाव वाढवतील. आणि स्क्रू मोजायला गच्चीवर चढणार कोण? तिथं तपासनीस आहेत म्हणून योजना चालते.

मानेवाडा रिंगरोड : तपासणीचं बरोबर आहे, त्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. आणि ताई, पाण्याचा मुद्दा माझ्याकडून सुटला. मीटर उंच नेणं, दाराला फळी बसवणं, हेही त्याच अनुदानात हवं.

डागा लेआउट, तळमजला : मीटर मी स्वतःच्या पैशानं वर नेला. बिल जपून ठेवलंय. कुठं द्यायचं तेवढं सांगा.