शब्दचर्चा : डोक्यात नेमकं काय झालंय? कोंडा, खवडे की नुसती खाज?

मूळ प्रश्न
एका शांपूच्या बाटलीवरचा मजकूर मराठीत करायला आलाय. ‘ड्राय इची स्कॅल्प’ला मी ‘शुष्क टाळूची खाज’ लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “टाळू कुठली? तोंडातली की बाळाची?” तेव्हापासून अडून बसलेय. स्कॅल्पला, म्हणजे डोक्यावरच्या केसांखालच्या कातडीला, आपल्याकडे शब्द आहे का? आणि कोंडा म्हणजे नक्की काय काय?

सोलापूरकर
आईंचं बरोबर आहे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातात तेव्हा टाळू म्हणजे माथा, पण बाळाची टाळू भरतात ती जागा जेमतेम दोन बोटांची. कानामागे किंवा मानेवर खाजलं तर टाळू खाजतेय असं कोण म्हणेल? आम्ही सरळ ‘डोकं खाजतंय’ म्हणतो.
कोंडा मात्र धान्याचाच. पीठ चाळल्यावर चाळणीत राहतो तो. आमच्या शेजारच्या कन्नडातही ‘तलेहोट्टु’, म्हणजे डोक्याचा कोंडा. गुजराती ‘खोडो’ आणि हिंदी ‘रूसी’ वेगळ्या वाटेने गेलेत. आणि ‘शुष्क’ काढून टाका हो, ताई. जाहिरातीबाहेर हा शब्द कोणाच्या तोंडी ऐकलाय का? घसा कोरडा, भाकरी कोरडी, मग डोकंच शुष्क का?

संस्कृतवाला
सुश्रुतसंहितेत निदानस्थानात ‘दारुणक’ येतो: ‘दारुणा कण्डुरा रूक्षा केशभूमिः प्रपाट्यते’. कडक, खाजरी, कोरडी केसांची जमीन भेगाळते. तुमच्या बाटलीवरचा सगळा मजकूर या अर्ध्या ओळीत आहे. ‘केशभूमी’ हा स्कॅल्पला इतका नेमका शब्द असताना आपण टाळूशी झोंबतोय.

त्वचेची डॉक्टर
केशभूमी मला आवडला, पण ओपीडीत मी तो म्हटला तर पेशंट शेतीचा सातबारा काढेल.
कोंड्याची उपमा वैद्यकातही आहे. डोक्यावरच्या तेलकटपणावर जगणारी जी बुरशी आहे, तिच्या एका जातीचं नाव मालासेझिया फुरफुर. लॅटिनमध्ये फुरफुर म्हणजे कोंडा (घोड्याचा काही संबंध नाही). ही बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते. ती तेल फोडते, त्यातून सुटलेली आम्लं काहींच्या कातडीला सोसत नाहीत, मग खाज आणि पापुद्रे. म्हणजे खरा कोंडा बहुधा तेलकट डोक्यात होतो आणि लोक त्याला कोरडेपणा समजून वर आणखी तेल थापतात. तुमच्या बाटलीवरचा ‘ड्राय’ आणि कोंडा हे दोन वेगळे प्रकार आहेत, ते एका शब्दात कोंबू नका.
बघायचं कसं? काळ्या कापडावर डोकं झटका. बारीक, पांढरं, पिठासारखं पडलं, हातपायही फुटलेले असले आणि थंडीत कढत पाण्याने न्हाणं चालू असलं, तर तो कोरडेपणा. पिवळसर, चिकट, मोठे पापुद्रे आणि भुवया, नाकाच्या कडा लाल असल्या, तर कोंड्याची थोरली बहीण, सेबोऱ्हिक डर्मटायटिस. चंदेरी जाड थर केसांच्या रेषेबाहेर कपाळावर आला, कोपर-गुडघ्यांवरही तसेच चट्टे दिसले, तर सोरायसिस. कलप लावल्यावर एकदोन दिवसांत कानाच्या पाळ्या आणि मान खाजायला लागली, तर आधी कलप बंद.

आजीची नात
माझी आजी कोंडा शब्द फार कमी वापरायची. पोराच्या डोक्यात ओले फोड येऊन खपल्या धरल्या की ‘खवडे’. केस गोल जाऊन गुळगुळीत जागा पडली की ‘चाई’. गोल चट्टा, खाज आणि तुटके केस असले की ‘नायटा’. एकेक शब्द म्हणजे एकेक निदान! आता सगळ्यालाच डँड्रफ.
तिची एक परीक्षा अजून आठवते. ओसरीवर पाठमोरं बसवून ती कानामागचा केस चिमटीत धरायची. पांढरा ठिपका फुंकरीने उडाला तर कोंडा. दोन नखांत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढत न्यावा लागला तर लीख, आणि मग फणी. कंगवा नव्हे, फणी! दाट दातांची, दोन्ही बाजूंची.

सोलापूरकर
खाज आणि कंड यांतला फरक राहिलाच. डोक्याला खाज सुटते. ‘कंड’ म्हटलं की लोक भलतीकडे बघतात. आमच्याकडे कंड भांडायची असते.

मूळ प्रश्न
‘डोक्याची कोरडी, खाजरी त्वचा’ असं पाठवलं. वरून उत्तर आलं, ‘टाळू’ जास्त मराठी वाटतं, तोच ठेवा. आईला अजून सांगितलेलं नाही.