बजेट २० हजार, नॅचरल लेटेक्स गादी घ्यावी की सिंथेटिक?

मीनल_ठाणे
नमस्कार मंडळी, आईबाबांच्या खोलीतली कॉयरची गादी मधोमध पार बसलीये, बाबा सकाळी कंबर धरूनच उठतात, म्हणून यावेळी लेटेक्सच घ्यायची असं घरात ठरलंय. बेड सहा बाय पाचचा, प्लायवूडचा, खाली स्टोरेज. बजेट २० हजार, अगदीच ओढूनताणून थोडं वर. दुकानात जावं तर प्रत्येक जण प्युअर लेटेक्सच म्हणतो आणि ऑनलाइन एकाच साइजच्या दोन गाद्यांच्या किमतीत दुप्पट फरक, मग विश्वास ठेवायचा कशावर? सिंथेटिक म्हणजे वाईटच असतं का? बाबांचं वजन ८० च्या वर आहे, आईला उकाडा अजिबात सोसत नाही. आणि आईला रबरी ग्लोव्ह्जनी खाज सुटते, त्याचा इथे काही संबंध येतो का?

गादीवाला_सांगली
ताई, आमचा घरचाच गाद्यांचा धंदा आहे म्हणून सविस्तर लिहितो. नॅचरल म्हणजे रबराच्या झाडाचा चीक, सिंथेटिक म्हणजे एसबीआर नावाचं कृत्रिम रबर, ते पेट्रोलियमपासून बनतं. बाजारात या दोघांचं मिक्स पण भरपूर असतं, त्याला ब्लेंड म्हणतात, आणि त्यात नॅचरल किती हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. दुसरं म्हणजे अगदी अस्सल मालात पण गंधक, झिंक ऑक्साइड वगैरे थोडं घालावंच लागतं, नाहीतर चिकाचा फोम धरतच नाही, त्यामुळे १०० टक्के या शब्दाला फार महत्त्व देऊ नका.

फरक जाणवतो तो लवचिकपणात. नॅचरल दाबलं की लगेच उसळी मारतं आणि वर्षानुवर्षं मारत राहतं, एसबीआर जास्त झालं की माल लवकर कडक पडतो, कडेला चिरा जातात, भारी माणूस असेल तर खड्डा पण लवकर पडतो. पण सिंथेटिकपेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. स्वस्तात लेटेक्स म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा वर एक इंच लेटेक्स आणि खाली सगळा साधा पियू (पॉलियुरेथेन) फोम असतो. म्हणून कव्हरची चेन उघडायला लावा, उघडत नसेल तर ती गादी सोडूनच द्या. आत लेटेक्सला दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर भोकं दिसतात, साच्यातल्या पिनांची.

आणि वजन करा! ७२ बाय ६० ची सहा इंची गादी सगळी लेटेक्सची असेल, डेन्सिटी (म्हणजे एका घनमीटरचं वजन किलोत) ७५ ते ८५, तर ३२ ते ३६ किलो भरायला पाहिजे. तीच ४० डेन्सिटीच्या फोमची असेल तर १७ किलोच्या आसपास. ऑनलाइन घेताना पण वजन विचारा, सांगत नसतील तर समजून जा. फक्त एक, काही जण वजन वाढवायला चुना किंवा माती मिसळतात, असा माल नखाने खरवडला की भुकटी सुटते.

२० हजारात माझं मत: चार इंची रिबाँडेड फोमचा (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला) घट्ट बेस आणि त्यावर दोन इंच चांगलं नॅचरल लेटेक्स. बाबांच्या कंबरेला आधार बेस देईल. दोन इंचाचा थर ११ किलोच्या आसपास भरेल, तेवढा एका हाताने उलटता पण येतो.

दोडामार्गचो_झील
आमच्याकडे दोडामार्गात केरळी लोकांनी रबराच्या बागा केल्यात, पहाटे झाडाला चीर देऊन वाटीत चीक धरतात, ताज्या चिकात रबर जेमतेम तिसरा हिस्सा, बाकी पाणीच, मग ते मशीनवर फिरवून घट्ट करतात तेव्हा कुठे गादीच्या कारखान्यात जातं. रबराचा भाव चढला की नॅचरल महागणारच, त्यामुळे फारच स्वस्त दिसलं तर शंका घ्या.

पण गादीवाल्या दादांशी एका गोष्टीत माझं जमत नाही. आईंना उकडतं ना? रिबाँडेड हवा खेळू देत नाही. मी असतो तर पाच इंची ब्लेंड घेतलं असतं पण आतून-बाहेरून लेटेक्सच. आणि प्लायवूडच्या बंद बेडवर ठाणे काय कोकण काय, पावसाळ्यात खालून बुरशी धरते, सुताराकडून प्लायला एकेक इंचाची भोकं पाडून घ्या, गादी कुठलीही घ्या.

गादीवाला_सांगली
हवेचा मुद्दा बरोबर आहे, पण अंगाला लागतो तो वरचा थर आणि तो नॅचरलचा आहे. ८० किलोच्या माणसाला स्वस्त ब्लेंडवर झोपवायला मी तरी तयार नाही. बेस बसला तर तेवढाच बदलता येईल, अख्खी गादी टाकावी लागणार नाही.

सिस्टर_नागपूर
मीनल ताई, खाजेचं आधी बघा, बाकी सगळं नंतर. नॅचरल लेटेक्समध्ये झाडाची प्रथिनं असतात, काहींना त्याचीच अॅलर्जी असते, आणि काहींना ग्लोव्ह्ज बनवताना घातलेल्या केमिकलची. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, त्वचेच्या डॉक्टरांकडून टेस्ट करून घ्या. प्रथिनांची निघाली तर नॅचरल नकोच, कव्हर आहे म्हणून रिस्क घेऊ नका. एसबीआरमध्ये ती प्रथिनं नसतात, पण केमिकल त्यात पण असू शकतात. ग्लोव्ह्ज घातल्यावर त्यांना कधी धाप लागली किंवा ओठ सुजले असतील तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

मीनल_ठाणे
बापरे, हे कोणी दुकानदाराने विचारलं पण नव्हतं! आईची टेस्ट आधी करून घेते. ओके निघालं तर दादांचा दोन इंची थर, नाहीतर लेटेक्सचा विषयच बंद करून अजिबात लेटेक्स नसलेली दुसरी गादी बघेन. अजून दोन शंका, सर्टिफिकेट कुठलं मागू आणि गादी उन्हात टाकलेली चालते ना? आई दर दिवाळीआधी गच्चीवर टाकते.

गादीवाला_सांगली
उन्हात मुळीच नको! कापसाच्या गादीला ऊन चांगलं, लेटेक्स उन्हाने पिवळं पडून ठिसूळ होतं. खिडकीपाशी सावलीत उभी करून वारा लागू द्या, नव्याचा रबराचा वास पण तसाच जातो. सर्टिफिकेटचं म्हणाल तर ओईको-टेक्स स्टँडर्ड १०० म्हणजे त्यात घातक केमिकल तपासलेत एवढंच, त्यावरून नॅचरल आहे असं ठरत नाही. जीओएलएस हे सर्टिफिकेट ऑरगॅनिक लेटेक्ससाठी असतं, ते तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल, त्याच्या मागे लागू नका. त्यापेक्षा बिलावर थर किती इंचाचा, नॅचरल किती टक्के आणि डेन्सिटी किती हे लिहून घ्या, शिक्क्यासकट.