तोर्बोले (गार्डा सरोवर): व्हेनिसची जहाजं डोंगरावरून का आणि कशी आणली?

प्रश्न
१४३९ साली मिलानशी चाललेल्या युद्धात व्हेनिसने युद्धनौका डोंगर ओलांडून उत्तर इटलीतल्या गार्डा सरोवराकाठच्या तोर्बोलेत उतरवल्या. पण गार्डातून निघणारी मिंचो नदी पो नदीला मिळते. मग सरळ नदीने का नाही आणल्या? आणि एवढं वजन उतारावर आवरलं कसं?

प्रतिसाद १
मिंचो मांतुआच्या मुलखातून वाहते आणि तिथला शासक गोंझागा १४३८ मध्ये मिलानला जाऊन मिळाला. गार्डाचा दक्षिण किनाराही मिलानच्याच हातात. इकडे व्हेनिसच्या ताब्यातल्या ब्रेशा शहराला मिलानचा सेनापती पिचिनीनो याचा वेढा पडलेला. रसद पोचवायला उत्तरेची वाट तेवढी उरली होती: समुद्रातून आदिजे नदीत शिरायचं, वेरोनावरून मोरी गावापर्यंत प्रवाहाविरुद्ध यायचं, तिथून पुढे जमिनीवरून. सहा गॅली (वल्ह्यांच्या युद्धनौका) आणि पंचवीसेक होड्या होत्या असं साधारण मानतात. बैल दोन हजारांच्या आसपास.

प्रतिसाद २
चढ त्या मानाने सोपा होता. जहाजं ओंडक्यांवरून बैलांनी ओढली, मध्ये लोप्पियो तळं लागलं तेवढं अंतर पाण्यातून गेलं. खरी कसोटी सान जोव्हान्नी खिंडीनंतर. खिंड तीनशे मीटरच्या आतच आहे, पण सरोवर ६५ मीटरवर. म्हणजे थोड्याशा अंतरात दोनशे मीटरहून जास्त उतार. चढताना कामी येणारे ओंडके इथे धोक्याचे ठरतात, कारण जहाज त्यांच्यावरून सुटतं. म्हणून मागून दोर बांधायचे, झाडांना-खडकांना वेढे द्यायचे आणि इंचाइंचाने सोडायचे. भार घर्षण पेलतं.

शिडं उभारून ‘ओरा’ वाऱ्याने वेग रोखला, असंही सांगतात. ओरा दक्षिणेचा, म्हणजे दिशा बरोबर जुळते. पण तो जोरात वाहतो उन्हाळ्यातल्या दुपारी, आणि ही मोहीम हिवाळ्यातली. माझ्या मते श्रेय दोरांना द्यावं.

प्रतिसाद ३
पुढचंही सांगायला हवं, कारण नुसत्या या पराक्रमाने युद्ध जिंकलं नाही. सप्टेंबर १४३९ मध्ये मादेर्नोजवळ हे आरमार हरलं. व्हेनिसने ते पुन्हा उभारलं, आणि एप्रिल १४४० मध्ये स्तेफानो कोंतारिनीने सरोवरावर विजय मिळवला. शेजारचं रिवा त्यानंतर १५०९ पर्यंत व्हेनिसकडे राहिलं.

वाट पाहायची असेल तर मोरी ते नागो रस्ता धरा. १८९१ ते १९३६ या काळात धावलेली मोरी-आर्को-रिवा रेल्वेही याच खोऱ्यातून जायची. लोप्पियोत मात्र पाणी शोधू नका. आदिजेच्या पुराचं पाणी गार्डात वळवणारा बोगदा १९५९ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या कामात तळं आटलं. आता तिथे पाणथळ जागा आहे, पावसाळी दिवसांत थोडंफार पाणी साचतं.