विंडोज ११ वर जुने गेम: सेटअप उघडत नाही, रंग बिघडतात, सीडीचं संगीत गायब

खटपट्या
नमस्कार मंडळी. विंडोज ११, ६४ बिट, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. गेमच्या मूळ सीड्या हाताशी आहेत, पण गाडं या ठिकाणी अडतंय:

१) १९९६ च्या आसपासचा विंडोज ९५ चा गेम. सेटअपवर डबल-क्लिक केलं की ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही’.
२) एज ऑफ एम्पायर्स २ ची १९९९ ची मूळ आवृत्ती. गवत लाल, पाणी जांभळं.
३) टूम रेडरची १९९६ ची डॉस आवृत्ती. सीडीची आयएसओ (एका फाइलमधली नक्कल) करून डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉस पीसीची नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालवली. गेम चालतो, संगीत नाही.
४) एक छोटा डॉस गेम ‘रनटाइम एरर २००’ दाखवून लगेच बंद.
५) २००२ चा एक गेम सीडी आत असूनही ‘सीडी घाला’ म्हणतो.

कंपॅटिबिलिटी मोडमध्ये ९५, ९८, एक्सपी सगळं निवडून झालं. ढिम्म फरक नाही.

जुनी_फ्लॉपी
फरक पडणारही नाही. कंपॅटिबिलिटी मोड गेमला विंडोजची आवृत्ती खोटी सांगतो आणि दोन-चार ठिगळं लावतो, बस. तुमच्या पाचही अडचणींची मुळं वेगवेगळी आहेत. मी पहिली आणि पाचवी घेतो.

पहिली: त्या काळात गेम ३२ बिट पण त्याचा सेटअप १६ बिट, हा प्रकार सर्रास असायचा. ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिट प्रोग्रॅम चालवणारा भागच नाही. इन्स्टॉलशील्डच्या काही ठरावीक १६ बिट सेटअपच्या जागी विंडोज स्वतःच ३२ बिट पर्याय वापरतं, म्हणून काही सीड्या सुरळीत बसतात आणि काही नाही. तुमच्यासाठी उपाय विनईव्हीडीएम, म्हणजे ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्रॅम चालवणारं साधन. झिप उलगडा आणि सीडीवरची सेटअप फाइल त्यातल्या ओटीव्हीडीएमडब्ल्यू.ईएक्सईवर ओढून सोडा.

गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये बसवू नका. जुने गेम सेव्ह फाइल स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितात. तिथे लिहायची परवानगी नसल्याने विंडोज त्या गुपचूप व्हर्च्युअलस्टोअरमध्ये वळवतं, आणि मग ‘सेव्ह कुठे गेल्या’ ही शोधाशोध. सरळ सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ फोल्डर करा.

पाचवी: हे बहुधा सेफडिस्क, म्हणजे सीडी मूळ आहे का हे तपासणारं कॉपी-संरक्षण. त्याचा सेकड्राइव्ह.एसवायएस हा ड्रायव्हर सुरक्षेच्या कारणाने विंडोज १० पासून चालत नाही. व्हिस्टा, ७ आणि ८ वरही तो सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने बंद झाला. सीडी नवी कोरी असली तरी उपयोग नाही. आधी गेमचा शेवटचा अधिकृत पॅच पाहा, काही कंपन्यांनी त्यात सीडीची तपासणी काढून टाकली होती. तो नसेल तर गेमची डिजिटल आवृत्ती घ्या. कुठल्याशा साइटवरची ‘सीडी लागत नाही’वाली ईएक्सई उचलू नका, त्यात काय भरलंय हे तपासायला तुमच्याकडे साधन नाही.

पिक्सेलपंत
दुसऱ्या अडचणीबद्दल. हा गेम डायरेक्टड्रॉवर (द्विमितीय चित्रं काढायची विंडोजची जुनी सोय), २५६ रंगांच्या पॅलेटने चित्र काढतो. म्हणजे पिक्सेलमध्ये रंग नसतो, रंगाचा क्रमांक असतो, आणि कोणत्या क्रमांकाला कोणता रंग हा तक्ता वेगळा. विंडोज ८ पासून डेस्कटॉप कायम ३२ बिट, ८ बिट मोड हे नुसतं सोंग. त्या सोंगात तक्ता बदलला की क्रमांक तेच राहतात आणि गवत लाल होतं.

यावर सीएनसी-डीड्रॉ वापरा. हा रॅपर आहे, म्हणजे गेमच्या जुन्या चित्र-सूचना आजच्या पद्धतीत बदलून देणारा मधला दुवा. नाव कमांड अँड काँकरवरून आलंय, पण डायरेक्टड्रॉवरच्या बहुतेक द्विमितीय गेमना चालतं. झिपमधलं सगळं गेमच्या ईएक्सईशेजारी टाका. त्यातल्या कॉन्फिगमध्ये फुलस्क्रीन आणि गुणोत्तर राखण्याचा पर्याय निवडा, नाहीतर ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ताणलं जाऊन सगळे सैनिक बुटके दिसतील. कंपॅटिबिलिटीच्या आधी लावलेल्या सगळ्या खुणा काढा. त्या आणि हे एकमेकांच्या पायात पाय घालतात.

त्रिमितीय गेम असेल, म्हणजे डायरेक्टथ्रीडीच्या जुन्या आवृत्त्या किंवा जुन्या व्हूडू ग्राफिक्स कार्डाचं ग्लाइड, तर डीजीव्हूडू२ हा रॅपर.

खटपट्या
पंत, आभार. सीएनसी-डीड्रॉची डीएलएल (गेम वापरतो ती कोडची फाइल) विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये टाकायला गेलो तर विंडोज टाकू देत नाही. आणि डीजीव्हूडूमध्ये एक्स८६ आणि एक्स६४ असे दोन फोल्डर आहेत, माझं विंडोज ६४ बिट, मग एक्स६४ घ्यायचं ना?

पिक्सेलपंत
दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’. सिस्टम३२ ला हात लावू नका. गेम डीएलएल आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतो, म्हणून ती ईएक्सईशेजारी हवी. आणि ‘शेजारी’ म्हणजे जी ईएक्सई खरोखर चालते तिच्या शेजारी. एज ऑफ एम्पायर्स २ च्या विस्तारित आवृत्तीची ईएक्सई आतल्या ‘एज२_एक्स१’ फोल्डरमध्ये असते. फाइली एक पायरी वर टाकल्या तर काहीच घडत नाही आणि लोक रॅपरला नावं ठेवतात.

एक्स८६ की एक्स६४ हे गेमवर ठरतं, विंडोजवर नाही. जुने गेम ३२ बिट, म्हणून एक्स८६. डायरेक्टएक्सच्या फाइली ‘एमएस’ फोल्डरखाली, ग्लाइडच्या ‘थ्रीडीएफएक्स’खाली. कंट्रोल पॅनेलची ईएक्सईही गेमच्या फोल्डरमध्ये ठेवून तिथूनच उघडा. डायरेक्टएक्स टॅबमधला वॉटरमार्क आधी चालूच ठेवा: कोपऱ्यात खूण दिसली की गेम रॅपर वापरतोय. मग बंद करा.

सायकलवाला
उरलेले दोन डॉसचे.

संगीत: त्या सीडीवर पहिला ट्रॅक डेटा, पुढचे साधे ऑडिओ ट्रॅक. आयएसओमध्ये फक्त डेटा येतो, गाणी सीडीवरच राहतात. बिन (सीडीवरचं सगळं) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशी जोडी करून घ्या. क्यू ही साधी मजकूर फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडा. ‘ट्रॅक ०२ ऑडिओ’ आणि पुढच्या ओळी दिसायलाच हव्यात. पहिल्या ओळीत बिनचं नाव असतं. बिनचं नाव नंतर बदललं असेल तर इथेही बदला, नाहीतर माउंट होणार नाही. मग डॉसबॉक्समध्ये इमेजमाउंटच्या कमांडने बिन नव्हे, क्यू जोडा, प्रकार आयएसओ. गेम बसवताना सीडी ज्या अक्षराच्या ड्राइव्हवर होती तेच अक्षर द्या. बाकी आवाजासाठी साउंड ब्लास्टर, पत्ता २२०, आयआरक्यू ७, डीएमए १.

रनटाइम एरर २००: गेम टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रॅमिंग साधनात लिहिलेला आहे. सुरुवातीला त्याचं सीआरटी युनिट सुमारे ५५ मिलिसेकंदांत रिकामे फेरे किती होतात ते मोजतं आणि ५५ ने भागतं. प्रोसेसर वेगवान असला की उत्तर १६ बिटांत मावत नाही आणि भागाकाराची त्रुटी येते. डॉसबॉक्सच्या कॉन्फिगमध्ये सायकल्स (नकली प्रोसेसरचा वेग) फिक्स्ड ३००० करा, गेम सुरू होऊ द्या, मग कंट्रोल-एफ१२ ने हळूहळू वाढवा. कंट्रोल-एफ११ ने कमी होतात. टूम रेडरला मात्र उलट, तिथे सायकल्स भरपूर लागतात. आवाज तुटायला लागला की एक पायरी खाली या.

खटपट्या
रंग, संगीत, एरर २०० मार्गी. विनईव्हीडीएमने सेटअपही उघडला, पण आता तो ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणतो. ड्राइव्हवर ३०० जीबी मोकळी आहे! शिवाय एज ऑफ एम्पायर्समध्ये नकाशा माउसने सरकवला की भुर्रकन टोकाला जातो.

जुनी_फ्लॉपी
३०० जीबी हेच दुखणं. असे सेटअप मोकळी जागा ३२ बिटांच्या आकड्यात मोजतात. तो २ जीबीपुढे गेला की ऋण होतो, ४ जीबीला पुन्हा शून्यापासून सुरू. म्हणून तोच सेटअप एखाद्या दिवशी चालतोही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये दीड जीबीची व्हीएचडी (फाइलमध्ये बसणारी आभासी डिस्क) बनवा, फॉरमॅट करून ड्राइव्हचं अक्षर द्या, गेम तिथे बसवा. पीसी रीस्टार्ट केल्यावर ती पुन्हा जोडावी लागते, लक्षात ठेवा.

पिक्सेलपंत
नकाशाचं सरकणं फ्रेमच्या गतीला बांधलेलं आहे. सीएनसी-डीड्रॉच्या आयएनआय फाइलमध्ये ‘मॅक्सगेमटिक्स’ ६० करा. तरीही भरभर वाटला तर गेमच्याच पर्यायांमधला स्क्रोल स्पीड खाली आणा.